साध्या वेशातला श्रोता

मी आयुष्यभर कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला. दुपारच्या तासाला पडद्यावरची शिल्पं बघत निम्मा वर्ग डुलक्या काढायचा. माझा शब्द न् शब्द टिपून घेणारा माणूस मला निवृत्तीनंतर भेटला, आणि तोही सरकारने पाठवलेला.

निवृत्त झाल्यावर मी केळव्याला एका वाडीत घर भाड्याने घेतलं. वीरगळांवर, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांवर, पुस्तक लिहायचं होतं. पाम गावाच्या पुढे एका खेड्यात तळ्याकाठी असा एक देखणा दगड होता. एकदा गेले तर त्यावर लाल रंगाने आकडा घातलेला. किनाऱ्यावर होऊ घातलेल्या सरकारी प्रकल्पाचा रस्ता तिथून जाणार होता. दगडाला धक्का लावू नये, असा मी रीतसर अर्ज लिहिला आणि गावात वाचून दाखवला.

तळ्याजवळ राहणारी एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "बाय, दगडाचं लिवलंस. आमी पन तितंच हाय. आमचं कोन लिवल?"

मी तिथेच बसून दुसरा अर्ज लिहिला, माणसांचा. मग तिसरा. मग ग्रामसभेत बोलले. प्रकल्पाविरुद्धच्या चळवळीत मी आले ती अशी, अक्षर बरं असल्यामुळे.

पुढे पालघरला वीरगळांवर माझं व्याख्यान झालं. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ सारखं लिहून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, मधल्या चौकटीतल्या बायका कोण म्हणालात?"

"अप्सरा. वीराला स्वर्गात नेतायत."

बोईसरच्या व्याख्यानालाही तो आला. मी खूश. तो साध्या वेशातला पोलीस असल्याचं आयोजकांनी मला हळूच सांगितलं आणि पुढचं व्याख्यान रद्द केलं.

मग पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. साहेबांसमोर माझ्या व्याख्यानाचं टिपण होतं. कुठल्याही विद्यार्थ्याने काढलं नसेल इतकं नेटकं.

"गावासाठी मरणाऱ्याचा दगड उभा करतात, असं म्हणालात. म्हणजे लोकांना मरायला सांगता?"

"साहेब, ही हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"मग आत्ता कशाला सांगता?"

माझ्यावर गुन्हा दाखल झाला: लोकांना चिथावल्याचा.

रस्त्यासाठी गावातली जमीन मोजायच्या दिवशी सकाळीच मला घेऊन जायला तोच पोलीस आला. "शांतता राहावी म्हणून," तो म्हणाला. "बीपीची गोळी घेतलीत ना?" दिवसभर ठाण्यातल्या एका खोलीत मी आणि तो, समोरासमोर. दुपारी त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. साताऱ्याकडे त्याच्या मळ्यात असाच एक दगड होता. त्याच्या लहानपणी घरचे त्या दगडाला बैल बांधायचे.

मी फोटो मोठा करून पाहिला. "खाली गाई आहेत बघा. गावाची गुरं पळवून नेत होते, तुमचा हा माणूस आडवा आला आणि मेला."

"कोण नेत होतं?"

"ते कोरलेलं नाही. पण बहुतेक वेळा हत्यारं आणि माणसं ज्यांच्याकडे जास्त, ते."

त्याने फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "हे मी लिहीत नाही."

तिकडे गावात बाया तळ्याकाठी बसून राहिल्या होत्या. त्यांना उचलून गाडीत घातलं, मोजणी झाली आणि संध्याकाळी सोडून दिलं. मलाही सोडलं. घरी आल्यावर मला रडू आलं. माझ्या भाषणाने पेटतील म्हणून मला कोंडलं होतं, आणि त्या माझ्याशिवायच बसल्या होत्या.

रस्ता आता झाला आहे. सरकारने वारशाची काळजी घेतली. दगड उचलून एका कचेरीच्या बागेत लावला आणि शेजारी फलक बसवला. फलकावरची वाक्यं माझ्या पहिल्या अर्जातली आहेत, एका शुद्धलेखनाच्या चुकीसह. चूक माझी नाही.

खटला चालूच आहे. तारखेला ती म्हातारी न चुकता पालघरच्या कोर्टात येते. मागच्या वेळी न्यायाधीश रजेवर होते, म्हणून पुढची तारीख मिळाली. मी चिडून बाकावर बसून राहिले. तिने पिशवीतून भाकरी आणि सुकटाची चटणी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "आपल्याला कुटं जायाचं हाय?"