चिनी डॉक्टरबाईंचा अभिप्राय

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बाल्कनीतली वाळू झाडत होते – कुवेतमधल्या महबूलात वारा सुटला की हे ठरलेलंच. आतून अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आवाज दिला, "सुनबाई, रविवारी मीच येतो तुझ्या क्लिनिकला. डॉक्टरबाईंशी सहा वर्षांची ओळख, एकदा भेटायला नको?"

झाडू थांबला. तोवर मी खरा प्रकार कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही.

अण्णा निवृत्त तहसीलदार. दर हिवाळ्यात संगमनेरहून येतात आणि काळ्या शाईत चिनी डोंगर काढतात. जुन्या काळी चीनमधले अधिकारी दिवसा कचेरी सांभाळायचे आणि फावल्या वेळात असे डोंगर काढायचे, हे त्यांनी कुठंतरी वाचलं – आणि त्यांना भाऊबंदच सापडले. शाईची वडी देवघरातल्या जुन्या सहाणेवर उगाळतात. कुवेतमध्ये धड टेकडी नाही. आमच्या हॉलमध्ये मात्र कायम दोन-तीन पर्वत वाळत असतात.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक चित्र गुंडाळून माझ्याकडे दिलं. मी नर्स, क्लिनिकमध्ये तेव्हा एक चिनी डॉक्टरबाई होत्या. "त्यांना दाखव. खरं काय ते सांगा म्हणावं." एवढंच काम. अवघड होतं का? मुळीच नाही.

मी ते दाखवलंच नाही. आठवडाभर लॉकरमध्ये ठेवलं. लाज वाटली – अण्णांची. चिनी माणसापुढं तहसीलदाराचे डोंगर उलगडायचे, आणि सगळा स्टाफ बघणार? घरी येऊन मीच म्हणाले, "धुकं आवडलं त्यांना. पाइनची झाडं कच्ची आहेत म्हणाल्या."

अण्णा इतके खूश, की पुढचा महिनाभर नुसते पाइन. मग – "आता काय म्हणतात बाई?" तिथं तरी थांबायचं ना? डॉक्टरबाई वर्षभरात मायदेशी गेल्या. अभिप्राय चालूच राहिले. खडक भाकरीसारखे झालेत. पाणी रंगवू नका, कागद तसाच सोडा. अण्णा भांडायचेही. "बाईंना सांग, आमच्या सह्याद्रीचे खडक असेच असतात." आणि खरं सांगू? मला मजा यायची. ते संगमनेरहून फोटो पाठवायचे, मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एकेक दगड मोठा करून तपासायचे. चित्रं सुधारत गेली – खरंच सुधारत गेली.

यंदा त्यांनी बाईंना भेट द्यायला मोठं चित्र केलं. वरचा उजवा कोपरा कोरा. जुनी रीत – जाणकार मित्रानं तिथं दोन ओळी लिहून आपला शिक्का उमटवायचा. बाई नोकरी सोडून गेल्या, एवढं सांगितलं तरी मी सुटले असते. तेवढं तर खरंही होतं.

शनिवारी सकाळी, चहाआधी, मी चित्र टेबलावर पसरलं आणि सांगून टाकलं. बाईंनी एकही चित्र पाहिलेलं नाही. मला तुमची लाज वाटली होती. बोलत होते ती मीच.

अण्णांनी त्या कोऱ्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

"भाकरीसारखे खडक – तूच?"

"मीच."

त्यांनी चष्मा पुसला, घातला, चित्र माझ्याकडे सरकवलं. "आणि हे?"

"एक पाइन अजून कच्चा आहे."

"कुठला?"

मी बोट ठेवलं.