इरण्णानं अडवलेली गाडी

इरण्णा गेल्याचं मला डॉक्टर सुमतीबाईंनी फोनवरून कळवलं. मी तेव्हा गिरणीच्या ड्रॉइंग खात्यात नकाशावर वाकलेलो होतो. "दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. पेपरात नाव यावं असा इरण्णा नव्हता. पण त्याची एक गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असलेले आता सुमतीबाई आणि मी, असे दोघंच उरलो आहोत.

इरण्णा मूळचा अक्कलकोटपुढच्या मैंदर्गीचा. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. ट्रकच्या वाकलेल्या चासी, म्हणजे खालचे सांगाडे, सरळ करायच्या, कमानपाटे बदलायचे, हे त्याचं काम. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी सुमतीबाई आपल्या वडिलांची जुनी विलायती गाडी घेऊन त्याच्याकडे आल्या. दोनच माणसांची, बिनटपाची, वेगानं पळायला केलेली स्पोर्ट्‌स कार. बाई तीच घेऊन मैंदर्गी-दुधनीकडे रोगी तपासायला जात, आणि चाक खड्ड्यात गेलं की दार आपोआप उघडे. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं 'विकून टाका' म्हणून सांगितलं होतं. इरण्णानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकण लावून पिळून बघितला, मग झाकण काढून पिळला. डबा वाकडा झाला. "वर टप न्हाय, म्हणून आंग पिळतंय बाई," तो म्हणाला, "आतनं आधार द्यावा लागंल." त्याचे नकाशे सवडीनं मीच काढून देई, तो मला मास्तर म्हणे; मोजमापं घेऊन याचाही नकाशा मी काढला. पुढच्या दोन चाकांचे धक्के जिथं गाडीच्या अंगावर येतात, त्या दोन जागा त्यानं एका जाड नळीनं जोडल्या आणि वेल्डिंग केलं. दार उघडायचं थांबलं. बाई खूश होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघंही थोडे फुशारलो होतो.

महिन्याभरानं त्यानं गाडी तपासायला मागवली. सकाळी गाडी जॅकवर असतानाच मैंदर्गीहून निरोप आला… पहिलटकरीण अडली होती. बाई बॅग घेऊन धावत आल्या. मी तिथंच होतो. इरण्णा गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, गाडी न्हाय न्यायची. मागल्या कमानपाट्याच्या बुडाशी चीर हाय."

"किती मोठी?"

"केसाएवढी."

"मग आजचा दिवस काढेल ती. परत आल्यावर बघा."

"काढंलबी. पर मी न्हाय सोडणार." त्यानं किल्ली खिशात घातली. "चूक माजी हाय. म्होरलं मी लई आवळलं, त्याचा ताण मागं गेला."

बाई त्याला काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला, मग रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिसरा ट्रक थांबला. त्यात बाईंना बसवून तो स्वतः मागं मालावर चढला. पोचायला दीड तास उशीर झाला. बाळंतीण वाचली, मूल गेलं.

आधी पोचले असते तर मूल वाचलं असतं का, हे आपल्याला सांगता येणार नाही, असं बाई आजही म्हणतात. त्यानंतर महिनाभर त्या वर्कशॉपकडे फिरकल्या नाहीत. इरण्णानंही गाडीला हात लावला नाही. त्या आल्या तेव्हा त्यानं त्यांना गाडीखाली बघायला लावलं आणि चिरेजवळ पहार टेकवून बेताचा जोर दिला. पाट्याचा आधार चासीपासून सुटून खाली पडला. "अक्कलकोटच्या पुढं रस्ता कसा हाय, तुमास्नी ठावं हाय," एवढंच तो बोलला. बाईंनी तो तुकडा उचलून हातात घेतला. मग म्हणाल्या, "आता काय करायचं?"

त्यानं जाड नळी कापून काढली. तिच्या जागी बारीक नळ्यांचा तिकोन बसवला, तसाच एक मागं, आणि या वेळी वेल्डिंगऐवजी बोल्ट. नकाशे मी चार वेळा बदलले. गाडी पुढं कित्येक वर्षं त्याच रस्त्यांवर चालली. त्या मुलाविषयी इरण्णा माझ्याशी एकदाच बोलला. एका संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना, कुलूप हातात धरून. "मास्तर, पोर माज्याच गावचं हुतं की," म्हणाला… आणि कुलूप लावून घरी गेला.

गेल्या रविवारी सकाळी मी सुमतीबाईंकडे गेलो. अंगणात चटई टाकून त्या त्याच गाडीखाली अर्ध्या शिरल्या होत्या, हातात पाना. डोळे मिटून प्रत्येक जोडावर बोट फिरवत होत्या. "डोळ्याला उशिरा दिसतं, बोटाला आधी कळतं, असं इरण्णा सांगायचे," त्या आतूनच म्हणाल्या. मी पायरीवर बसलो. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "मी त्यांना त्या दिवशी जे बोलले, ते परत कधी घेतलं नाही. पुढं रोज भेटत होतो, तरी नाही… घ्यायला हवं होतं."

त्यांनी बोट पुसलं आणि पुढच्या बोल्टवर ठेवलं.