काजलची हजेरी

हे लिहू की नको, असं करता करता दिवाळी होऊन गेली. आता लिहितेच, कारण सोमवारी साडेदहा वाजेपर्यंत मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

आधी कबूल करते – या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत हसायला वाचत आले. आम्हा शिक्षकांच्या केंद्राच्या बैठकीत कुणी झपाटलेल्या विहिरीची गोष्ट काढली, की "फोटो काढला का?" असं विचारणारी बाई मीच. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरच्या यांना वडिलांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. त्यामुळे खाली जे आहे त्यावर तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. मीही हसलेच असते.

मी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर शिक्षिका आहे. मानोऱ्याहून स्कुटीने अर्धा तास, शेवटी मुरमाचा रस्ता. दोन खोल्या, दोन शिक्षक – मी आणि आमचे हेडसर. वेळ साडेदहा ते पाच. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं त्यात चढतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतं. मागे काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात. बाकीची जातात.

आता जी गोष्ट बाहेर कुणी बोलत नाही ती सांगते. गेलेल्या मुलांची हजेरी आम्ही लावतो. पट कमी झाला की शाळा बंद करून मुलं दुसऱ्या गावाला जोडायची टांगती तलवार असते, आणि त्या गावात जायला नाला ओलांडावा लागतो. म्हणून 'हजर'. चूक आहे, मला माहीत आहे. पण सर म्हणायचे, "मॅडम, पोरं परत आली तर शाळा जागेवर पाहिजे ना." आणि मीही लावत राहायची.

गेल्या वर्षी एका संस्थेने आम्हाला दहा लॅपटॉप दिले. अगदी स्वस्तातले, डब्यासारखे हलके. त्यात काही साठवायचं नाही, सगळं क्लाऊडवर. मुलांनी लिहिलेलं कुठल्या तरी दूरच्या कॉम्प्युटरवर राहतं आणि आपण नेट लावलं की उघडतं. नेटचं डोंगल आम्ही खिडकीच्या गजाला बांधून ठेवतो, तिथेच रेंज येते. प्रत्येक लॅपटॉपवर व्हाइटनरने नंबर आणि झाकणावर मुलांचे पासवर्ड चिकटवलेले. हजेरीसुद्धा त्याच सॉफ्टवेअरमध्ये. मी ज्याला 'हजर' करीन, त्याच्या नावाची एक ओळ 'आजचा दिवस' या सगळ्यांच्या फाईलमध्ये उघडते. शेवटच्या तासाला मुलं त्यात दोन-तीन वाक्यं लिहितात आणि मला माझ्या लॅपटॉपवर सगळ्यांचं लिहिणं चालू असतानाच दिसतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. काजलचा जांभळा.

काजल चौथीत होती. हडकुळी, बोलायला कमी, पण सात नंबरचा लॅपटॉप दुसऱ्या कुणी उचलला तर भांडायला तयार. तिला भागाकार येत नसे. बाकी उरली की ती गोंधळून जायची, जणू उरलेलं ठेवायचं कुठे हेच तिला कळत नव्हतं. दिवाळीनंतर आईबापांसोबत तीही गेली. मागे ठेवा म्हणून मी विनवलं होतं. आई म्हणाली, "मॅडम, तान्हं लेकरू कोन पाहीन? आमी दोघं फडात राह्यतो." विषय संपला. जाताना काजलने सात नंबर फडक्याने पुसून कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

ट्रक गेल्यावर आठवडाभराने, मुलं लिहीत होती आणि मी बघत होते. जांभळा रंग हलायला लागला.

'आज मॅडमने भागाकार शिकवला. मला बाकी जमली नाही.'

मी चिडले. "काजलच्या नावावर कोण बसलंय? हात वर करा." सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. खोलीत एकही बोट कीबोर्डवर नव्हतं आणि माझ्यासमोर अक्षरं येत होती… 'उद्या परत विचारीन.'

पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, काजल तिकून मोबाईलवर लिहून राह्यली असन." मला ते पटलं. आज भागाकार शिकवला हे तिला तिकडे कसं कळलं, एवढं सोडलं तर.

पुढच्या दिवशी परत ओळ. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी पासवर्ड बदलला, कुणाला सांगितला नाही. ओळ आली. तिच्या वडिलांकडे बटणांचा फोन, त्यात नेट नाही. संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सात नंबरवरून लॉगिन दिसतंय. तुमच्या शाळेच्याच नेटवर." मी कपाट उघडलं. सात नंबर बंद, धुळीने माखलेला, बॅटरी शून्य. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "सॉफ्टवेअर आहे मॅडम, काहीतरी गडबड असेल." आणि मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं.

खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत नव्हती. उलट मला सवय होत गेली. रोज पावणेपाचला मी जांभळ्या रंगाची वाट बघायची. सरावाच्या उदाहरणांतही तिची उत्तरं यायला लागली. आधी चुकीची, मग एक बरोबर, मग दोन. तिची बाकी सुधारत होती. शिकवताना माझी नजर तिच्या रिकाम्या जागेकडे जाऊ लागली आणि मी एखादी पायरी दोनदा सांगू लागले. वेड्यासारखं वाटेल, पण आनंद व्हायचा.

मग एका शुक्रवारी ओळ आली – 'मॅडम आज खिडकीजवळ उभ्या राहून रडल्या. पोरं बाहेर होती. मी हाक मारली, त्यांना ऐकू आली नाही.'

त्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला होता. तो वाशिमला, मी इकडे, आणि बदलीचा अर्ज पुन्हा परत आलेला. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात, पाठ फिरवून मी दोन मिनिटं रडले होते. कुणीही नव्हतं. सर केंद्रावर गेले होते. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती ओळ मी तीनदा वाचली. तरी दुसऱ्या दिवशी मी हजेरी लावलीच… ती सवयीने लावली की हावरेपणाने, ते मला अजून सांगता येत नाही.

चार-पाच दिवसांनी आलं ते असं – 'खिचडीच्या रांगेत मी उभी होते. मावशीने मला वाढलं नाही. रोजच वाढत नाही. भूक लागते.'

मी लॅपटॉप मिटला. घरी जाऊन ताट वाढून घेतलं. आणि तेव्हा आठवलं, की मधे एक दिवस मी वाशिमला प्रशिक्षणाला गेले होते, सर गेलेल्या मुलांची हजेरी टाकायला विसरले होते, आणि त्या दिवसाची तेवढी काजलची ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता वर्गातूनच तिच्या वडिलांना फोन लावला. आईने उचलला. मागे कोयत्यांचा आवाज होता.

"काजल कशी आहे?" मी विचारलं.

"काय सांगू मॅडम. पोट्टीले काय झालं समजून नाई राह्यलं. सकाळी चांगली उठते, भावाले आंघोळ घालते. साडेदहा वाजले का पाचटाच्या कोपीत आडवी होते. हलवलं, पाणी मारलं, उठतच नाई. श्वास चालू राह्यते, बस. पाच वाजले का आपोआप उठते आन् म्हणते, भूक लागली."

"दवाखान्यात नेलं का?" मी विचारलं.

"दवाखान्यात नेली. डाक्टर म्हने अंगात रगत नाई, दिवसा खाऊ घाला. आता झोपेल लेकराले कसं खाऊ घालू? वाळून काडी झाली. परवा तान्हा रांगत बैलाच्या पायात गेला मॅडम, थोडक्यात वाचला. ती बाजूलेच पडेल होती, तिले पत्ता नाई."

"आत्ता कुठे आहे ती?"

"झोपेल हाय ना."

मी मान वळवली. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडे, तिची जागा रिकामी होती. मला तिथे बघवेना. फोन ठेवला आणि उरलेला वेळ मी पाठ करून फळ्यावर लिहीत राहिले. तिच्या आईला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमची मुलगी माझ्या वर्गात उपाशी बसली आहे?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' दाबलं. त्या हिवाळ्यातली तिच्या नावापुढची ती पहिली खरी नोंद. सर म्हणाले, "अहो, पटाचं काय?" मी म्हटलं, "मी बघते." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. पावणेपाचला जांभळा रंग आला नाही. संध्याकाळी तिच्या आईचाच फोन आला.

"मॅडम, आज पोट्टी झोपली नाई. दिवसभर जागी हाय, दोनदा जेवली. पन रडून राह्यली. काहून रडते ते सांगत नाई."

मला वाटलं, सुटले. रोज 'गैरहजर' लावत गेले. तांड्यावरच्या बाकी गेलेल्या मुलांचं कधी काही झालं नव्हतं, त्यांच्या ओळी कोऱ्याच राहायच्या. हिचंच का? माहीत नाही.

पाडव्याच्या आधी ट्रक परत आला. काजल शाळेत आली तेव्हा गालावर थोडं मांस चढलं होतं, हाताला उसाच्या पात्याचे चरे होते. मी तिला फळ्यावर बोलावून मोठा भागाकार दिला. तिने सोडवला, बाकी लिहिली, तिच्याखाली रेघ मारली. ती रेघ मी हिवाळ्यात शिकवली होती. ती इथे नव्हती तेव्हा.

मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, सात नंबर मागेल.

"मॅडम, त्या दिवशी मले गैरहजर काहून लावलं?"

"तू नव्हतीस ना ग इथे."

"मी तं समोरच बसेल होती," ती म्हणाली. "दाराशी आली मंग रोज. पन दार उघडेच नाई."

ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, वर्गात सगळ्यांसमोर रडले, या वेळी लपवलं नाही.

तेव्हापासून मी बरंच वाचलं, एका डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. त्यांनी झोपेच्या आजारांची नावं सांगितली. ओळींचं त्यांना मी विचारलं नाही. त्या ओळी अजून फाईलमध्ये आहेत, तारीख-वेळेसकट. उघडून बघते, परत मिटते. मला खुलासा सापडलेला नाही आणि सापडेल असं वाटतही नाही.

या वर्षी मी काजलला माझ्याकडे मानोऱ्यात ठेवून घेते म्हटलं. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "मॅडम, लेकराले कोन पाहीन?" गेल्या वर्षीचंच उत्तर. सोमवारी सकाळी ट्रक आहे. काल, तिच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, तिने सात नंबर पुसला, कपाटात ठेवला, आणि दारापर्यंत जाऊन परत आली.

"मॅडम, या साली हजेरी लावजा," ती म्हणाली. "मी जेवून येत जाईन. भावाच्या पायाले दोरी बांधून येईन, तो कुठी जात नाई मंग."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सोमवारी साडेदहाला यादी उघडेल, त्यात तिचं नाव बाराव्या क्रमांकावर असेल आणि पुढे दोन बटणं असतील.