मिस्त्रींचा कान

स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आपण काही बोलायला गेलो की म्हणायचं, "गप. ऐकू दे." हे रोह्याच्या आमच्या कंपनीतले मिस्त्री. पंप बिघडणार हे त्यांना पंपाच्या आधी कळायचं.

हाच माणूस चहाच्या सुट्टीत पियानो ऐकायचा. खोटं वाटेल तुम्हाला, पण मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्यांना कॅसेट देऊन गेला होता. एक पियानो आणि समोर अख्खा वाद्यवृंद. पुढे मोबाइल आला, तशी त्याच रचनेची चार जणांनी वाजवलेली चार गाजलेली रेकॉर्डिंग त्यांनी जमवली, जुन्यापासून नव्याकडे अशी ओळीने. इंटरनेटवरचे जाणकार पहिलं ऐका म्हणायचे. मिस्त्रींचं ठरलेलं, "नाय. तिसरं! मधल्या भागात व्हायोलिनवाले रागावतात ना, तिथं हा जरा थांबतो, मग समजूत काढतो. पहिला लगेच उत्तर देतो."

"आणि वहिनी रागावल्या की तुम्ही कितवे?"

"पहिला," म्हणायचे आणि हसायचे.

त्या वर्षी कंपनीने कानांची तपासणी काढली. नापास झाले तर रोज पंप ऐकत फिरायची राउंड जाणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. मिस्त्रींना आता कमी ऐकू येतं, अशी खात्यात कुजबुजही सुरू झाली होती.

तपासणीच्या आदल्या रविवारी पेणच्या वाचनालयात याच चार रेकॉर्डिंगांवर, याच क्रमाने, कार्यक्रम होता. आम्ही दोघे गेलो. मुंबईहून आलेल्या वक्त्यांनी "हे पहिलं, सर्वोत्तम" म्हणून मधला भाग लावला. मिस्त्री उभे राहिले.

"साहेब, हे पहिलं नाय. तिसरं लागलंय."

लोक हसले. वक्त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "खरंच की हो!" काय टाळ्या पडल्या! माझीच छाती फुगली.

परतीच्या गाडीत, कासू स्टेशन गेल्यावर, मी म्हटलं, "आता कोण काढतो तुम्हाला राउंडवरून, बघूच!"

"अरे, मी त्याचं थांबणं ओळखलं," ते म्हणाले. "वरचे सूर कुठं ऐकू आले? हल्ली नाय येत. बेअरिंगचा बारीक आवाजपण तसाच निसटतो."

सोमवारी, तपासणी व्हायच्या आधीच, ते साहेबांकडे गेले. "राउंड दुसऱ्याला द्या. माझ्या कानावर पंप सोडू नका. माणसं काम करतात तिथं." तीस वर्षांची राउंड! मी बाजूलाच उभा होतो. रडू आलं, आणि इतका अभिमान मला कधी कुणाचा वाटला नाही.

मिस्त्री आता नाहीत. कंपनीत सगळ्यात चांगला कान कोणाचा होता, असं नवी मंडळी विचारतात तेव्हा मी त्यांचंच नाव सांगतो. ऐकू येत नव्हतं त्यांना, हेही सांगतो.