दादाची दोन दारांची गाडी

गाडी घेण्याआधी ती पारखून देणं हा त्याचा धंदा. उमेदीची वर्षं वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली आडवं पडून काढली, पाठीनं हात टेकले, तेव्हा हे सुरू केलं. गिऱ्हाइकाबरोबर जायचं, इंजिन ऐकायचं, गाडी चालवून बघायची. आणि शेवटी एक गोष्ट, जी दुसरा कोणी करत नाही: गाडी गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची आणि त्याच्या रोजच्या जागेत त्यालाच लावायला सांगायची. “गाडी शोरूममध्ये नांदत नाही, घरी नांदते,” असं तो म्हणतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यांचं मन आधीच बसलेलं असतं. याला बोलावतात ते नुसती मान डोलवायला.

पण परकी गिऱ्हाइकं परवडली. यावेळी गिऱ्हाईक थोरला भाऊ होता.

दादा नुकताच निवृत्त झालेला. त्याला हवी होती नारिंगी रंगाची, बॉनेटवर दोन काळे पट्टे असलेली दांडगी गाडी. त्याच्या तरुणपणी मासिकांत अशा गाड्यांची चित्रं यायची. लांब नाक, गोल दिवे, बसकी पाठ. आतली यंत्रं मात्र आजची. तोंड आजोबांचं, काळीज नातवाचं. तिच्या बदल्यात घरची जुनी उंच गाडी द्यायची, असं दादानं ठरवूनही टाकलं होतं.

त्या उंच गाडीतूनच वहिनी व्यायामाला जायची. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिथली सीट कमरेच्या उंचीची, त्यामुळे ती कोणाचा हात न धरता चढायची, उतरायची. ती गाडी गेली की वहिनी घरात अडकणार, हे धाकट्यानं फोनवर पुन्हापुन्हा सांगितलं.

“तू गाडी बघ, माझा संसार बघू नकोस,” दादा म्हणाला.

धाकट्यानं गाडी बघितली. दोष सापडावा म्हणून इतक्या मनापासून त्यानं आजवर एकही गाडी तपासली नव्हती. ब्रेक चोख. स्टिअरिंग सरळ. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहिली. वैताग असा, की गाडी खरंच चांगली निघाली. फक्त मागची काच टपालपेटीच्या फटीएवढी.

“दादा, मागचं काही दिसत नाही.”

“मागे कशाला बघायचं? मागच्यांनी मला बघावं!”

“मागे बसणार कोण? गुडघे हनुवटीला लागतात.”

“पिशव्या बसतील.”

शोरूममधून सोबत आलेली विक्रेती हसली. धाकट्यानं कपाळाला हात लावला आणि गाडी घरी न्यायला सांगितली.

दादाची जागा भिंत आणि खांबाच्या मधली. कॅमेऱ्यात बघत त्यानं गाडी ऐटीत मागे घेतली आणि दार उघडलं. दोनच दारांची गाडी. एकेक दार कपाटाएवढं. वीतभर उघडलं आणि खांबाला टेकलं. दादानं पोट आत ओढलं. पोट आलं नाही.

“पुढे घेऊन उतरेन.”

“आणि मग ती पुढेच राहील, सगळ्यांची वाट अडवून?”

“खिडकीतून उतरेन!”

“या वयात?”

“मोडता घालू नकोस. गाडीत खोट काय, तेवढं बोल.”

“खोट नाही.”

“झालं तर मग!” दादा आतूनच ओरडला.

आवाज ऐकून वहिनी काठी टेकत खाली आली. “अहो, अडकलात की रुसलात?”

दादानं गाडी बाहेर काढली, पलीकडून येऊन दार सताड उघडलं. “बस. बघ तरी.”

बसायला अडचण नव्हती. त्या सीटमध्ये माणूस बसत नाही, पडतो. उठायची वेळ आली तेव्हा वहिनीनं दाराचा आधार घेतला, दार हातातून निसटलं. छताला धरलं, तरी जागची हलली नाही.

“भाऊजी, हात द्या.”

दोघा भावांनी एकेक दंड धरून तिला उभं केलं. तिनं खुब्यावर हात दाबला. मग म्हणाली, “देखणी आहे हो. घ्याच. यातून दोनदा उठले की व्यायामाला वेगळं जायला नको.”

विक्रेती हसायला लागली आणि थांबली. दादानं वहिनीचा दंड सोडला नव्हता. दुसऱ्या हातानं त्यानं किल्ली विक्रेतीला परत दिली. “नको. राहू दे.”

विक्रेती गाडी घेऊन गेल्यावर दादा धाकट्यावर उलटला. “तुला इथे आणायला कोणी सांगितलं होतं? तिथल्या तिथे बघितली असतीस, तर घेऊन मोकळा झालो असतो!”

आता नात्यागोत्यात बोललं जातं, की धाकट्यानं थोरल्याची हौस मोडली. त्या गाडीला मी एक वाईट शब्द बोललो नाही, असं तो सांगतो. कोणाला पटत नाही. वहिनी जुन्या गाडीतून व्यायामाला जाते. चालवतो दादाच, आणि वाटेत त्या नारिंगी गाडीचे गोडवे गातो. वहिनी खिडकीबाहेर बघते.