शीग लावलेला साबण

मशीनमध्ये साबणाची पावडर मापाने घाला, असे मी फोनवर सांगितले की तुम्ही हसता. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. जेवणापूर्वी वाचू नका.

आम्ही तलवाड्याच्या घरी होतो तेव्हा सलग दुसरा दुष्काळ होता. आमच्या दूध संस्थेकडे गोळा करायला दूधच उरले नव्हते, त्यामुळे तिने सभासदांसाठी पाण्याचा टँकर लावला होता. तो तीन दिवसांनी येई आणि घराला दोन पिंपे देई. पाणी इतके खारट की त्यात चहा नासायचा. त्याच सुमारास तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेखालून लुळ्या होऊन अंथरुणाला खिळल्या. रोज दोन चादरी आणि दोन लुगडी भिजत. तेवढ्यासाठी दोन डब्यांचे मशीन घेतले. एका डब्यात धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे, पाणी बादलीने ओतायचे.

मशीन माझी धाकटी जाऊ चालवायची आणि हुकूम खाटेवरून यायचा.

"शीग लावली का गं?"

"लावली, आत्याबाई."

ज्वारी पायलीने मापताना वर जी टोकदार रास ठेवतात, ती शीग. सासूबाईंच्या लेखी सपाट माप म्हणजे कद्रूपणा, मग ते ज्वारीचे असो की साबणाचे. पावडरीच्या पुड्यात प्लास्टिकचे माप होते, आत रेघ आखलेली. ती रेघ आमच्या घरात कधी कोणी पाहिली नाही. खाऱ्या पाण्यात फेस येत नसे, मग जाऊ आणखी एक माप घालायची, त्यालाही शीग. मी एकदा हटकले तर खाटेवरून आवाज आला, "चिमटीनं घालायला आपुन काय भिकारी हाव का? लई शिकलेली तू, पर हात आखडता."

माझा कारभार वेगळाच होता. पाणी वाचवायचे म्हणून मी खळबळण्याचे दुसरे पाणी बंद केले आणि तसा नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला. एकदाच खळबळा, ते पाणी संडासाला वापरा. त्या कागदाचा मला अभिमान वाटत होता. आज आठवले तरी तोंड कडू होते.

महिन्याभरात सासूबाईंची पाठ लाल झाली, मग मांड्या. गेवराईच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याचे पुरळ म्हणून मलम दिले आणि मला बाजूला घेऊन बजावले, "कातडी फुटू देऊ नका. या वयात जखम भरणार नाही." मलम लावून मी धुतलेली चादर घालायची आणि सासूबाई रात्रभर कण्हायच्या. "पोळतंय गं. चादरीत काय निखारं घातलेत का?" मी म्हणायची, "आत्ताच धुतलीय, आत्याबाई. स्वच्छ आहे."

एका सकाळी त्यांना कुशीवर वळवले तर उजव्या कमरेवर कातडी फुटून ओली झाली होती आणि चादर तिला चिकटली होती. सोडवताना त्या ओरडल्या. चादर हाताला पापडासारखी कडक लागली. वास घेतला. साबणाचा सुगंध, आणि त्याच्या खाली ओल्या फडक्याचा कुबट दर्प. मग मी दोरीवरची दुसरी, धुवून वाळलेली चादर प्यायच्या पाण्याच्या बादलीत बुडवली आणि चोळली. बादलीभर फेस आला. पावडरीचा कणही न घालता.

जावेला हाक मारली. दोघींनी मशीनच्या तळाची फिरणारी चकती स्क्रू काढून उचलली. खाली करडा, बुळबुळीत थर होता, दोन बोटे जाड. त्यात आमचे केस, मलमाची चिकटण, न विरघळलेल्या पावडरीचे गोळे, आणि बाकी काय ते तुम्हीच समजा. खरवडताना तो तुटत नव्हता, शेंबडासारखा लोंबत होता. जाऊ अंगणात जाऊन ओकली. मी ओकले नाही, पण नंतर दोन दिवस मला हाताने भाकरी मोडवली नाही. याच्यात धुतलेल्या चादरीवर मी एका आजारी बाईला निजवत होते, आणि वर तिला स्वच्छ आहे म्हणून सांगत होते.

मशीनबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक माझ्या कपाटात होते. नीट घडी घालून, वर चिठ्ठी लावून, न वाचलेले. त्यात सगळे होते. माप रेघेपर्यंत, खारे पाणी असेल तर किंचित जास्त. कपड्यांतून फेस जाईपर्यंत खळबळा. आठवड्याला चकती काढून धुवा. मी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते. जाऊ तोंड पुसत म्हणाली, "ताई, घरात इंग्रजी वाचणारं मानूस एकच. ते बी कपाटाला कुलूप लावून बसलेलं."

मी भिंतीवरचा कागद फाडला. पावडर रेघेपर्यंतच पडू लागली. दुसऱ्या पाण्यासाठी आम्ही दोघींनी अंघोळ सोडली आणि ओल्या पंच्याने अंग पुसू लागलो. पुसूनही अंगाला वास यायचाच. पण सासूबाईंचा प्रश्न रोज यायचा, आणि सपाट मापाची चादर त्यांनी अंगाला लावून घेतली नसती.

"शीग लावली का गं?"

"लावली," मी म्हणायची. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, नंतर नाही.

आठ-दहा दिवसांत लाली ओसरली. रात्री त्या झोपू लागल्या. "आता कशी मऊ लागती चादर," त्या जावेला म्हणाल्या. "आदी कावून पोळत व्हती, कुनास ठावं." जावेने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे.

कमरेवरची जखम मात्र डॉक्टर म्हणाले तशीच निघाली. वरून सुकायची, आतून पुन्हा ओली व्हायची. त्या गेल्या तोपर्यंत ती पुरती भरली नाही. रोज सकाळी त्यांना कुशीवर वळवून मीच ती धूत असे, साध्या पाण्याने.