चित्रावरचं कुंकू

किंजलताईचा फोन आला आणि पुंडलिकचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. "काका, पप्पांच्या केबिनमधलं ते चित्र तुमच्याकडेच आहे ना? रविवारी बघायला येते," एवढंच ती म्हणाली. पण साहेब वारून वर्ष व्हायच्या आत त्यांची मुलगी चित्राची चौकशी करते म्हणजे काय, हे काय पुंडलिकला कळत नव्हतं?

आणि चित्र तरी कसलं! वर काळा फराटा, खाली तांबडा चिखल, कोपऱ्यात पिवळं सांडलेलं. झाड नाही, माणूस नाही, देव तर नाहीच. साहेबांच्या चित्रकार मित्राने ते काढून त्यांना भेट दिलं आणि तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात ते साहेबांच्या खुर्चीमागे लागलं. त्याच साहेबांची गाडी चालवण्यात पुंडलिकचा जन्म गेला. कारखाना बंद पडायच्या आधीचा दसरा. साहेबांनी नेहमीसारखं प्रत्येक मशीनला, गाडीला स्वतःच्या बोटाने तेलात कालवलेलं कुंकू लावलं. मग काय मनात आलं कोण जाणे, केबिनमध्ये जाऊन चित्रालाही लावलं आणि ते उतरवून पुंडलिकच्या हातात दिलं. "आजपासून हे तुझं."

तेव्हापासून ते सरावली गावातल्या त्याच्या खोलीत, टीव्हीच्या वर. शेजारी चिडवायचे, "काय पुंडलिकशेठ, कारखान्याची टाकी भिंतीवर फुटली का?" त्यालाही त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण साहेबांनी दिलंय म्हटल्यावर तो ते रोज पुसायचा, तेवढं कुंकू सोडून.

आता मात्र त्याला अन्न गोड लागेना. उठायचा, चित्राकडे बघायचा, परत बसायचा.

"चोरी केली काय तुमी? मंग घाबरता कशाला?" बायको आनंदी वैतागली.

"साहेबांनी दिलं तवा बघाय कोन व्हता? समदे भायेर परसाद घेत व्हते."

"आनी त्या कुंकवाचं काय? ती म्हनेल, नेलं ते नेलं, वर देव करून नासवलं!"

हे मात्र त्याच्या डोक्यात बसलं. साहेबांनीच लावलं म्हणावं, तर हो म्हणायला साहेब आहेत कुठे? रविवारी सकाळी त्याने फडक्याला खोबरेल लावलं आणि रंगाला धक्का न लावता तो डाग हळूहळू काढून टाकला.

किंजल आली. ती बसायच्या आधीच पुंडलिक म्हणाला, "ताई, साहेबांनीच दिलं व्हतं. देवाशप्पथ!"

"अहो काका, माहीत आहे मला! त्याच दिवशी पप्पांनी घरी सांगितलं होतं. तुमचंच आहे ते."

पुंडलिकच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसत हसत त्याने आनंदीला चहा टाकायला सांगितलं.

किंजल मात्र चित्रापाशी गेली. अगदी नाक लावून बघू लागली. "पप्पा म्हणायचे, 'त्या चित्रावर माझी सही आहे, पुंडलिककडे जाऊन बघ.' कुंकवाच्या बोटाची. रेघारेघा दिसतात म्हणाले होते." ती बोटाने चित्रावर शोधू लागली. "मला त्या बोटाला एकदा हात लावायचा होता, बस. कुठे आहे हो ते?"

पुंडलिकच्या बोटांना अजून खोबरेलाचा वास येत होता. त्याने हात पाठीमागे घेतले.

"पुसलं, ताई," तो म्हणाला. "तुमी रागवाल म्हनून मीच पुसलं."